टेल्युरिअमची पाठराखण

(दृश्य : सकाळ. पूर्व द्रुतगती महामार्ग, भांडुपजवळ. खाडीच्या बाजूला मिठागरांचे चौकोन.)

भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, बांध घालून अडवायचं आणि उन्हावर सोपवायचं. पाणी आटतं, मीठ उरतं. ठाण्याच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं.

यातला एक खडा तळहातावर घ्या. १९१३ साली ब्रॅग पिता-पुत्रांनी मिठाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, तेव्हा कित्येक रसायनशास्त्रज्ञांना पटेना असं काही समोर आलं. मिठाचा रेणू म्हणून वेगळा काही आत सापडतच नव्हता. एक सोडिअम, त्याचा एक क्लोरीन, अशी जोडी कुठेच नाही. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरीन, आणि सहाही सारख्याच अंतरावर, सुमारे २.८२ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

हा सहाचा आकडा ध्यानात असू द्या.

(दृश्य : पवई तलाव. मग प्रयोगशाळेतलं टेबल. बोटाएवढी काचेची बाटली, झाकण किंचित सैल.)

मिठागरांपासून पवई फार लांब नाही. इथल्या आयआयटीत सेलेनिअम आणि टेल्युरिअमच्या सेंद्रिय संयुगांवर अनेक वर्षं काम झालं आहे. या बाटलीतही आगराचंच तंत्र आहे. पाण्याऐवजी दुसरा द्रावक, उन्हाऐवजी सावली. द्रावक हळूहळू उडून जायला हवा. घाई केली की स्फटिकाऐवजी भुकटी मिळते.

टेल्युरिअम हे मूलद्रव्य १७८२ साली ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खनिजात पहिल्यांदा ओळखलं गेलं. आज ते बहुतेक तांबं शुद्ध करताना खाली बसणाऱ्या गाळातून काढतात. प्रयोगशाळेत ते जपून हाताळावं लागतं. पोटात किंवा श्वासातून अगदी थोडं गेलं, तरी शरीर त्याचं डायमिथाइल टेल्युराइड करतं आणि श्वासाला लसणाचा वास येऊ लागतो. तो कित्येक दिवस जात नाही.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून. तेलाच्या थेंबात लाल स्फटिक.)

हा डायमिथाइल टेल्युरिअम डायआयोडाइड. एका टेल्युरिअमवर दोन मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन असा गट) आणि दोन आयोडीन. संशोधक विद्यार्थिनी ध्रुवित प्रकाशात मंच फिरवते आहे. खडा सगळाच्या सगळा एकदम काळा होतो, थोडं फिरवलं की सगळा एकदम उजळतो. म्हणजे एकसंध. त्या शेजारचा मात्र अर्धा विझतो, अर्धा पेटलेलाच राहतो. ते दोन स्फटिक एकमेकांत गुंतलेले आहेत, तो बाजूला. मोठा खडा दिसला म्हणून मोहात पडायचं नाही. टेल्युरिअम आणि आयोडीन दोन्ही जड, क्ष-किरण बरेचसे स्वतःच गिळून टाकतात. तिने निवडलेला खडा मिठाच्या कणापेक्षाही लहान आहे. सुईच्या टोकाने तो बारीक फाशात उचलला, यंत्रावर चढवला. नायट्रोजनचा थंड झोत, उणे १७३ अंश सेल्सिअस. तेल गोठलं आणि खडा जागच्या जागी पक्का झाला.

या पदार्थाने एके काळी जाणत्यांना चकवलं होतं. १९२० साली रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी याची दोन रूपं मांडली. घटक तेच, प्रमाण तेच, वागणूक वेगळी. त्यांना वाटलं, रेणू सपाट असावा आणि आयोडीनच्या जागांची अदलाबदल झाली असावी. १९२९ मध्ये ड्रू यांनी दाखवून दिलं की दुसरं रूप हा तसला रेणूच नव्हे. एका टेल्युरिअमवर तीन मिथाइल, दुसऱ्यावर एक मिथाइल आणि चार आयोडीन, असं ते धन-ऋण आयनांचं मीठ आहे. सूत्र तंतोतंत बरोबर असूनही आतलं घर वेगळंच निघालं. म्हणून तर स्फटिक उघडून बघायचा.

(दृश्य : पडद्यावर रेणूचं चित्र फिरतं आहे.)

लाल रूपात मात्र रेणू रेणूच आहे. मधे टेल्युरिअम. दोन कार्बन, एकमेकांशी साधारण काटकोनात. दोन आयोडीन जवळजवळ समोरासमोर, सुमारे २.९ अँगस्ट्रॉमवर. झाले चार. शाळेत शिकलेला बंधांचा हिशेब इथे संपतो.

पण जरा पलीकडे बघा. शेजारच्या रेणूंचे आयोडीन याच टेल्युरिअमकडे झुकलेले आहेत. साडेतीन ते चार अँगस्ट्रॉमच्या टप्प्यात. बंध म्हणावा तर फार लांब. पण नुसते शेजारी असते, तर टेल्युरिअम आणि आयोडीन ४.०४ अँगस्ट्रॉमच्या आत यायला नको होते. शिवाय ते वाटेल तिकडून आलेले नाहीत. टेल्युरिअम-कार्बन बंधाची रेघ मागे वाढवत न्या, बरोबर तिथे ते उभे.

भाऊ नसला की पाठ उघडी. टेल्युरिअमची पाठ खरोखर उघडी असते. एका बाजूला बंध बांधताना त्याच रेषेत मागच्या बाजूला इलेक्ट्रॉनचा ढग विरळ होतो आणि तिथे किंचित धन प्रभार उघडा पडतो. शेजारच्या आयोडीनकडे इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या आहेत. तो त्या उघड्या पाठीशी येऊन उभा राहतो. यात विद्युत आकर्षण किती आणि इलेक्ट्रॉनची प्रत्यक्ष देवाणघेवाण किती, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं वाटतं. संयुग बदललं की तागडं कधी इकडे झुकतं, कधी तिकडे.

दोन कार्बनच्या मागे अशा दोन जागा. आपले चार, शेजाऱ्यांचे दोन. पुन्हा सहा.

नॅथॅनिएल अल्कॉक यांनी १९७२ साली अशा संबंधांना ‘दुय्यम बंध’ म्हटलं. २०१९ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘कॅल्कोजेन बंधा’ची अधिकृत व्याख्या केली. कॅल्कोजेन म्हणजे ऑक्सिजन, गंधक, सेलेनिअम, टेल्युरिअम यांचं कुटुंब.

(दृश्य : राखाडी, चकचकीत टेल्युरिअमचा तुकडा.)

शुद्ध मूलद्रव्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात प्रिय आहे. सेलेनिअमचे अणू मळसूत्रासारख्या साखळ्यांत बसतात. साखळीतलं अंतर २.३७, शेजारच्या साखळीपर्यंत ३.४४. आपलं कोण, परकं कोण, लगेच कळतं. आवर्त सारणीत त्याच्या खालच्या घरात टेल्युरिअम. साखळ्या तशाच, पण अंतरं २.८३ आणि ३.४९. आपले दोन, परके चार, आणि त्यांच्यातला फरक १.०७ वरून ०.६६ वर आलेला. आणखी एक पायरी उतरलं की पोलोनिअम. तिथे साखळीच उरत नाही. सहा शेजारी, सहाही सारख्याच अंतरावर. भांडुपच्या मिठाचीच मांडणी, पण एकट्याच धातूची.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा. रात्र. संगणकाचा पडदा.)

मोजणी झाली. संगणकाने अणू जागेवर बसवले आणि रेघा काढल्या. त्याला ठराविक अंतराची मर्यादा दिलेली असते, तेवढ्याच रेघा तो काढतो. टेल्युरिअमपासून चार रेघा निघाल्या आणि थांबल्या. शेजारच्या रेणूचा आयोडीन पडद्याच्या कडेला सुटा पडलेला.

“मॅडम, हे अंतर बघता का?”

“कोन किती आहे?”

हा प्रश्न महत्त्वाचा. दाटीवाटीत कुणीही कुणाच्या जवळ येतं. नुसत्या जवळिकीवरून नातं ठरवणं घाईचं होईल. विद्यार्थिनी कार्बनवर टिचकी मारते, मग टेल्युरिअमवर, मग त्या लांबच्या आयोडीनवर. पडद्यावर कोन उमटतो. सरळ रेषेच्या अगदी जवळचा.

मॅडम मान डोलावतात. ती माउस हातात घेते आणि संगणकाने न काढलेली रेघ स्वतः काढते, तुटक ठिपक्यांची. मग चित्र फिरवून दुसरा आयोडीन शोधू लागते.