ती लॅसी, तो पाल

[दृश्य : शेताचं कुंपण. लांबून कॉली जातीचा एक कुत्रा धावत येतो, कुंपणावरून उडी मारतो. कृष्णधवल.]

निवेदन :
12 सप्टेंबर 1954. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर एका कॉली कुत्रीची मालिका ‘लॅसी’ सुरू झाली आणि 1973 पर्यंत चालली. 591 भाग. लॅसी म्हणजे स्कॉटिश बोलीत पोरगी. (आपल्या लस्सीशी तिचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.) कथेत ती कायम ‘ती’च राहिली. पण एकोणीस हंगामांत कॅमेऱ्यासमोर ही भूमिका करणारा प्रत्येक कुत्रा नर होता.

[दृश्य : नर आणि मादी कॉली शेजारी शेजारी.]

कारण अगदी व्यवहाराचं आहे. कॉलीच्या अंगावर दोन थरांचे केस असतात. माजानंतर मादीचे केस इतके गळतात की आठवडाभरापूर्वीची झुबकेदार कुत्री ओळखू येऊ नये. दारातून आत येतानाचा शॉट आधीचा आणि खोलीतला नंतरचा असला, तर एकाच प्रसंगात दोन वेगळ्या कुत्र्या दिसतील. नराचेही केस गळतात, पण त्याचं रूप एवढं उतरत नाही. शिवाय तो मोठा. मादी साधारण 22 ते 29 किलोंची, तर नर 27 ते 34 किलोंचा. शेजारी थोराड कुत्रा उभा असला की मुलगा लहान दिसतो. वाढत्या वयाच्या बालकलाकाराला आणखी एखादं वर्ष त्याच भूमिकेत ठेवायचं असेल, तर ही उंची कामाला येते.

[दृश्य : पालचे जुने फोटो.]

सुरुवात पाल नावाच्या कॉलीपासून झाली. जन्म 1940, कॅलिफोर्निया. सतत भुंकणं आणि मोटारसायकलींमागे धावणं या दोन खोडी घालवण्यासाठी मालकाने त्याला प्रशिक्षक रड वेदरवॅक्स यांच्याकडे आणून सोडलं. भुंकणं आटोक्यात आलं, मोटारसायकलींचं वेड काही गेलं नाही. शेवटी फीच्या बदल्यात कुत्रा वेदरवॅक्स यांच्याकडेच राहिला. कपाळावरचा पांढरा पट्टा प्रदर्शनांतल्या कॉलींना शोभणारा मानला जात नसे. पुढे तोच पट्टा लॅसीची ओळख ठरला.

मालिकेआधी लॅसी चित्रपटात आली. 1943 च्या एमजीएम स्टुडिओच्या त्या चित्रपटासाठी पालला आधी मुख्य काम मिळालंच नव्हतं. सॅन होकीन नदीला पूर आला, तिथे पोहण्याचं दृश्य घ्यायचं ठरलं आणि ते पालने केलं. पाण्यातून वर आल्यावर कुत्रा पहिल्यांदा काय करतो? अंग झटकतो. पालने झटकलं नाही. तो तसाच ओला, खुरडत पुढे आला आणि कॅमेऱ्यासमोर आडवा झाला. दमलेला कुत्रा दाखवायचा तर हीच खरी मेख आहे, कारण अंग झटकलं की दमणं खोटं पडतं. या एका शॉटने भूमिका त्याची झाली.

पुढे स्टुडिओकडे पैसे थकले, तेव्हा वेदरवॅक्स यांनी रोख रकमेऐवजी लॅसी या नावाचे हक्क मागून घेतले. या सगळ्या हकिगतीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच, असं आमचं मत.

[दृश्य : सेट. कॅमेऱ्यामागे हात वर करून उभा असलेला प्रशिक्षक.]

मालिकेचे पहिले दोन नमुना-भाग 1954 मध्ये पालनेच केले. त्यानंतर त्याचा मुलगा लॅसी ज्युनियर उभा राहिला.

आता काम कसं चालतं ते पाहू. प्रशिक्षक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभा असतो आणि हाताच्या खुणांनी किंवा आवाजाने आज्ञा देतो. कुत्र्याने मुलाकडे बघायचं असेल, तर प्रशिक्षकाला त्या मुलाच्या खांद्यामागे, कुत्र्याच्या नजरेच्या रेषेत उभं राहावं लागतं. तो अर्धा हात बाजूला सरकला, तरी नजर मुलाच्या कानापलीकडे जाते आणि प्रेक्षकाला काहीतरी खटकतं. आज्ञा तोंडी दिली तर ती संवादावर चढते आणि ध्वनी नंतर साफ करावा लागतो. मुलाला मात्र त्या आवाजाकडे न वळता आपलं वाक्य पुरं करायचं असतं.

दिव्यांच्या उष्णतेत कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो. पडद्यावर ते हसण्यासारखं दिसतं, आणि प्रसंग रडण्याचा असला की पंचाईत. त्याला सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं आणि ऐन शॉटच्या वेळी कुठूनतरी बारीकसा अनोळखी आवाज काढायचा. कुत्रा तोंड मिटतो, कान टवकारतो. चिंतातुर लॅसी तयार. हा आवाज तिसऱ्यांदा काढला की त्याला त्याचं नावीन्य राहत नाही, म्हणून खिशात दोन-तीन वेगळे आवाज हवेत.

लंगडणं शिकवायला वेळ लागतो. आधी बसल्या जागी पंजा उचलून धरायचा, मग तसंच एक पाऊल, मग दोन. चूक नेहमी एकच होते : शॉटच्या मध्यात कुत्रा पाय बदलतो. बक्षीस म्हणून मांसाचा तुकडा द्यायचा तो नखाएवढा. पोट भरलं की दुपारनंतर काम संपलंच समजा.

[दृश्य : मिलर कुटुंब, मग मार्टिन कुटुंब.]

माणसांची गोष्ट निराळी. मालिकेत लॅसी आधी मिलर कुटुंबाच्या शेतावर होती. मुलगा जेफची भूमिका टॉमी रेटिगची, आईची जॅन क्लेटनची, आजोबांची जॉर्ज क्लीव्हलँड यांची. 1957 च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँड वारले. रेटिग आणि क्लेटन दोघांनाही मालिकेतून बाहेर पडायचं होतं. मग कथेतही आजोबा गेले, शेत मार्टिन कुटुंबाने विकत घेतलं, मिलर मायलेक शहरात गेले आणि लॅसी मार्टिनांच्या छोट्या टिमीपाशी राहिली. टिमी म्हणजे जॉन प्रोव्होस्ट. त्याची आई पहिलं वर्ष क्लोरिस लीचमन होत्या (पुढे त्यांना ऑस्कर मिळालं). 1958 पासून तीच रूथ मार्टिन जून लॉकहार्ट साकारू लागल्या. आईचा चेहरा बदलल्याबद्दल कथेत कुणी चकार शब्द काढला नाही.

टिमी विहिरीत पडतो आणि लॅसी धावत सांगायला येते, हा विनोद जगभर झाला. मालिकेत टिमी विहिरीत कधी पडलाच नाही. विहिरीत पडली ती पुढच्या एका हंगामात खुद्द लॅसी.

1964 मध्ये प्रोव्होस्टने करार वाढवला नाही. मार्टिन मंडळी ऑस्ट्रेलियाला निघाली, आणि प्राण्यांच्या विलगीकरणाच्या नियमामुळे लॅसीला नेता येईना. रॉबर्ट ब्रे यांनी साकारलेल्या वनरक्षक कोरी स्टुअर्टकडे ती गेली. मुलगाच नसल्यामुळे त्याच्या वाढत्या उंचीची काळजी मिटली.

[दृश्य : पाच कुत्र्यांचे फोटो एकामागून एक.]

ज्युनियर आजारी पडल्यावर स्पूक आला. सेटवर वरून दिवा पडल्याची धास्ती त्याने घेतली आणि तो तिथे कधी रुळलाच नाही. मग 1966 पर्यंत बेबी, नंतर मायर, शेवटी हे-हे. सगळे पालच्या वंशातले. वेतातून पिल्लू निवडताना आधी पाहायचं ते कपाळावरचा पट्टा, गळ्याभोवतीचा पांढरा पट्टा आणि चारी पांढरे पंजे. हे जुळलं, तर पुढे स्वभाव बघायचा. दिवा पडला तरी न बिचकणारा हवा, हे स्पूकने शिकवलं.

[दृश्य : हॉलिवूडचा फुटपाथ, तारा.]

1960 साली हॉलिवूडच्या फुटपाथवर लॅसीच्या नावाचा तारा बसला. पाल जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याच वर्षी सेटवर स्पूकच्या जागी बेबी आला.