परसदारचं अ‍ॅक्वापोनिक्स आणि कोकणातलं मऊ पाणी

नमस्कार श्रोतेहो. आज परसदारच्या अ‍ॅक्वापोनिक्सबद्दल बोलू. एका टाकीत मासे, शेजारच्या वाफ्यात भाजी, आणि दोघांमधून सारखं फिरणारं एकच पाणी. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. वाफ्यातल्या खडीवर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, तिसरं भाजीचं खत. भाजी ते उचलते आणि पाणी परत टाकीत येतं. उडालेल्या पाण्यापुरतीच भर घालावी लागते, म्हणून एप्रिल-मे महिन्यात विहीर तळाला गेली तरी भाजी चालू राहते.

पण व्हिडिओ बघून उभारलेला संच आपल्याकडे पहिल्या पावसात रडायला लागतो, तो पाण्यापायी. जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी मऊ असतं, पागोळ्यांचं तर त्याहून मऊ. त्यात चुन्याचा अंश नसल्यासारखाच. त्यावर पुढे सविस्तर येतोच. आधी मांडणी ऐका. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पाचशे लिटरची एक टाकी आणि दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम. ड्रममध्ये पूर्वी काय होतं ते विचारूनच घ्या. खाद्यतेल, सरबताचा अर्क असं काही असेल तर चालेल. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. दोन्ही ड्रम उभे चिरले की चार पन्हळी वाफे होतात, मिळून साधारण २ चौरस मीटर. भरलेला एकेक वाफा दोनशे किलोंच्या आसपास जातो, म्हणजे चार वाफे पाऊण टनाच्या पुढे. तेव्हा गच्चीचा विचार नको. परसात जमीन चोपून जांभ्याच्या चिऱ्यांची बैठक रचा आणि वाफा डुलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारा. वाफ्याचं तळ टाकीच्या काठापेक्षा उंच हवं, म्हणजे पाणी आपोआप खाली येतं. उंची वाचवायला टाकी जमिनीत पुरायचा मोह होतो, पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते.

वाफ्यात १२ ते २० मिलिमीटरची काळी खडी भरा. चारही वाफ्यांना मिळून साडेतीनशे लिटर, म्हणजे सुमारे पस्तीस घमेली लागेल. धुतल्याचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. खडीवर लिंबू पिळून बघा, फेस आला तर त्यात चुनखडी आहे, ती परत करा. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात, पण ते झिजून लाल गाळ होतो आणि पंप तुंबतो.

पाणी भरायचं आणि उतरवायचं कसं? बहुतेक जण घंटा-सायफन सांगतात, म्हणजे वाफा भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी. तो छान चालतो, पण त्याला ठरावीक जोराची धार लागते. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंपाची धार बारीक होते, सायफन सुरूच होत नाही आणि वाफा काठोकाठ भरून राहतो. मुळांना हवा मिळत नाही. आमचा सल्ला टायमरचा. वाफ्याच्या तळाला २० मिलिमीटरचा उभा पाइप बसवा, उंची २२ सेंटिमीटर. पाइपला अगदी बुडाशी ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा. बाहेरून चिरा पाडलेला ११० मिलिमीटरचा पाइप घाला, म्हणजे खडी आत जाणार नाही. पंप अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. चालू असताना वाफा पंधरा मिनिटांत भरतो आणि जादा पाणी पाइपच्या तोंडातून परत जातं. बंद झाल्यावर बुडाच्या भोकातून अर्ध्या तासात उतरतं. वरची चार-पाच सेंटिमीटर खडी कोरडीच राहिली पाहिजे, नाहीतर शेवाळ धरतं.

पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. वाफे सव्वा मीटरवर असतील तर ताशी २,००० लिटरचा, अडीच मीटरपर्यंत पाणी चढवणारा पंप घ्या; प्रत्यक्षात निम्मं पाणी चढतं आणि तेवढं पुरतं. पंप तळाला ठेवू नका. चिऱ्याच्या तुकड्यावर वीत-दीड वीत वर ठेवा. कधी नळी निसटली तरी माशांपुरतं पाणी टाकीत उरेल. एअर पंप मात्र वेगळा आणि चोवीस तास चालू.

आता जिवाणू. संच उभा राहिला की लगेच मासे सोडणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला दोन दिवस उघडं ठेवा. मग ३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घाला. पाचशे लिटरमध्ये त्याने अमोनिया लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतो. हाच आपला नवसागर, पण कल्हईसाठी मिळणारा नको, त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नाही. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं तपासणी किट मिळतं. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य, तर संच तयार. आपल्या उबदार हवेत याला तीन ते पाच आठवडे लागतात. किट घ्यायचं नसेल तर मासेही घेऊ नका, असं स्पष्टच सांगतो.

मासे कोणते? समुद्राच्या मासळीवर वाढलेल्या जिभेला गोड्या पाण्यातला मासा बेताचाच रुचतो, तेव्हा पहिल्या वर्षी गोल्डफिश किंवा कोई ठेवा. खायचाच असेल तर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. रोहू-कटल्याला तळं लागतं. परदेशी मांगूर पाळायला देशात बंदी आहे आणि ‘गिफ्ट’ नावाच्या तिलापिया वाणाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वीस-पंचवीस सोडा, त्यापेक्षा जास्त नको. पूर्ण वाढीला सगळ्यांचं मिळून वजन पाच किलोंच्या आत राहू द्या.

हिशेब खाद्यावर चालतो. पालेभाजीला दर चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य जिरतं, म्हणजे आपल्या दोन चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम. ही झाली वरची मर्यादा. बोटुकली त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, म्हणून पहिले महिने एक-दोन वाफेच लावा. तरंगणारं खाद्य, ३० टक्के प्रथिनांचं, दोन वेळा. पाच-दहा मिनिटांत संपेल तेवढंच द्या आणि उरलेलं जाळीने काढा. उरलेलं खाद्य कुजून अमोनियाच वाढवतं.

आता मऊ पाण्याकडे येऊ. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल सोडतात. शंभर ग्रॅम खाद्यामागे जास्तीत जास्त वीस-बावीस ग्रॅम चुनखडी खर्ची पडेल एवढं ते आम्ल असतं. जड पाण्याला हे महिनोन्महिने सोसतं, आपल्या पाण्याची शिल्लक काही आठवड्यांत संपते. सामू, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा पीएचचा आकडा, ७ वरून ६.५ वर येतो आणि मग एकदम कोसळतो. सामू ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं, अमोनिया साठतो. भाजी हिरवीगार असते, मासे मात्र खायचे थांबतात, आणि आपण रोग शोधत बसतो.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या मीठ-मसाला जाईपर्यंत धुवा, उकळा, उन्हात वाळवा. दोन-तीन किलो शिंपल्या जुन्या जाळ्याच्या पिशवीत भरून वाफ्याचं पाणी टाकीत पडतं तिथे टांगा. पाणी आम्ल झालं की त्या जास्त विरघळतात, सामू साडेसातकडे गेला की जवळजवळ थांबतात. खडीत मिसळू नका, मग हवं तेव्हा काढता येत नाहीत. सामू आठवड्यातून दोनदा तपासा, ६.८ ते ७.२ चांगला.

सामू कोसळलाच तर घाईने चुना ओतू नका, मासे त्यानेच मरतात. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की सात टक्क्यांच्या वर जातो. म्हणून आधी खाद्य बंद करा. मग पाव टाकी पाणी बदला. त्यानंतर ५ ग्रॅम विड्याचा चुना बादलीभर पाण्यात कालवून संथ धारेने सोडा. दुसऱ्या दिवशी मोजा, मगच पुढचं. फार तर दिवसाला ०.२ ने सामू वाढू द्या.

खाडीकाठच्या श्रोत्यांनी उन्हाळ्यात आणखी एक बघायचं: विहीर मचूळ होते. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर हजाराच्या वर दाखवत असेल तर ते पाणी भर घालायला वापरू नका. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहत जातं.

पावसाळ्यात वाफ्यांवर पारदर्शक छप्पर हवंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या दोन चौरस मीटर वाफ्यांवर ते सहा हजार लिटर झाले, म्हणजे बारा टाक्या. सगळी खतं आणि क्षार धुऊन जातील. टाकीलाही काठाच्या खाली जादा पाणी जायला जाळी लावलेलं भोक ठेवा, नाहीतर मासे गटारात शोधावे लागतील.

विजेचं काय? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. एवढ्याला कुठलाच इन्व्हर्टर पुरणार नाही, पण १२ व्होल्टचा एअर पंप आणि गाडीची बॅटरी असेल तर बराच वेळ निभावतं. वीज गेली की खाद्य थांबवा. बॅटरी नसेल तर बादलीने पाणी उचलून उंचावरून टाकीत ओतत राहा, दर अर्ध्या तासाला दहा-बारा बादल्या. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी पडतोय.

भाजीत नाळीची भाजी, मायाळू, लाल माठ, पुदिना आपल्या हवेत बिनतक्रार येतात. अळू जोमाने येतं, पण मुळं उभ्या पाइपात शिरतात, त्याला वेगळी बादली द्या. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी: ६ टक्क्यांचं ईडीडीएचए लोह (पाण्यात विरघळून राहणारं) १७ ग्रॅम, साधारण तीन आठवड्यांनी एकदा. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी. त्यासाठी चुन्याऐवजी आलटून-पालटून पोटॅशियम बायकार्बोनेट वापरा, सामूही सांभाळला जातो. किडीवर कुठलंही औषध मारू नका, तंबाखूचा काढासुद्धा नाही. मावा धारेने धुवून काढा. आजारी मासा मिठाच्या पाण्यात ठेवायचा तो वेगळ्या टबात. टाकीत मीठ टाकलं तर भाजी भोगते.

आणि औषध तुम्ही मारलं नाही तरी शेजारून येतं. सुपारीवर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतात, त्यातलं तांबं माशांना घातक. आंब्याच्या मोहरावर तुडतुड्यांसाठी वापरतात त्यातली पायरेथ्रॉइड गटाची औषधं तर अगदी थोड्या अंशानेही टाकी साफ करतात. म्हणून संच कलमांच्या आणि पोफळीच्या वाऱ्याखाली मांडू नका. फवारणीचा दिवस शेजाऱ्याला आधी विचारून ठेवा. त्या दिवशी टाकी आणि वाफे ताडपत्रीने झाका आणि एअर पंपाचं तोंड घरात घ्या, कारण तो बाहेरची हवाच पाण्यात ओढतो. छपरावरचं त्यानंतरचं पहिलं पाणी टाकीत येऊ देऊ नका.