गेटवरची गाणी

[पहाट. विद्यापीठ गेटसमोरचा रस्ता. शेकोटी, जाळावर फिरणारी हलगी.]

जानेवारीच्या गारठ्यात हलगीचं कातडं सैल पडतं. म्हणून आधी शेकोटी. पुठ्ठे, रद्दी, वाळकं गवत, हाती लागेल ते पेटवायचं आणि हलगी जाळावर फिरवत राहायची. एका जागी धरली तर कातडं करपतं, लांब धरली तर ताण बसत नाही. मधूनच बोटानं टिचकी मारून बघायची. आवाज बद्द आला की पुन्हा जाळावर. खणखणीत आला की मग उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी, आणि ऐका.

[हलगी, पूर्ण आवाजात. निवेदन थांबतं.]

आज १४ जानेवारी, इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस. छत्रपती संभाजीनगरात संक्रांत आहे, गच्च्यांवर पतंग चढलेत. आणि नागसेनवनाच्या, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराच्या अंगानं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटकडे माणसांची रीघ लागली आहे. नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, बीड. कुणी रेल्वेनं, कुणी एसटीनं, कुणी गावातल्याच टेम्पोत दाटीवाटीनं उभं राहून. बायका पांढऱ्या लुगड्यांत, पोरांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या. गेटपाशी आले की चपला काढतात आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात.

पक्षांची व्यासपीठं पलीकडे आहेत. भाषणांच्या बातम्या उद्याच्या पेपरात येतीलच. आम्ही कॅमेरा घेऊन फुटपाथवर बसलो, कारण गाणं तिथं आहे.

[पुस्तकांच्या दुकानांच्या मध्ये सतरंजी. एकतारी वाजवणारी आजी.]

ही आजी परभणीकडच्या एका खेड्यातून आली आहे. एका हातात एकतारी, दुसऱ्या हातात चिपळी. वाळलेला भोपळा, त्यात खोवलेली काठी, वर एकच तार. तारेला सूर एकच मिळतो, म्हणून सगळी चाल गळ्यानं सांभाळायची. तिचं बोट बघा. तर्जनीच्या पेराला तारेचा घट्टा पडलाय. अक्षरओळख नाही, पण नामांतराचं गाणं म्हणताना एक कडवं चुकत नाही. कडव्याकडव्यात गावांची नावं येतात. कुठली वस्ती जळली, कुठून कोण तुरुंगात गेलं, सगळं ओळीनं. समोर बसलेल्यांपैकी कुणाचं तरी गाव आलं की तिथून मान हलते.

या गाण्याच्या मागे काय आहे, ते सांगायला हवं.

[जुनी छायाचित्रं. नागसेनवन, मिलिंद महाविद्यालयाची इमारत.]

निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला १९४८ साली. तोवर पदवीसाठी बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये इथं कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घरात पाटी आली नव्हती अशा घरांतली पोरं ट्रंका घेऊन इथं राहायला आली. आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, शेजारीच मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं ही मागणी याच मातीतली.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जिवंत जाळलं. ठराव कागदावर राहिला. लाँग मार्च निघाले, सत्याग्रह झाले, माणसं तुरुंगात गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. जुन्या नावातलं मराठवाडा कायम राहिलं आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव लागलं.

[दुपार. कव्वाली मंडळ: हार्मोनियम, ढोलक, बेंजो, मागे कोरस.]

या सगळ्या वर्षांत वर्तमानपत्र न येणाऱ्या घरांत चळवळ पोचली ती गाण्यातून. त्या गाण्याची घडण आधीच झाली होती. सत्यशोधक जलशांनी, म्हणजे जोतीराव फुल्यांचा विचार गाण्यानाट्यातून सांगणाऱ्या मंडळांनी, वाट पाडली होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा ठेवला, आतला मजकूर बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी माणसाची गोष्ट आली, फार्सात सावकार आणि भट सापडू लागले. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामं सुटली, तेव्हा अनेक घरांनी डफडं, म्हणजे ही हलगीही, खाली ठेवली. ते वाजवणं कला म्हणून कुणी मागत नव्हतं, जातीचं काम म्हणून मागत होते. म्हणून आज पहाटे तरण्या पोरांनी तीच हलगी स्वतःच्या मर्जीनं खांद्याला लावली, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

मग कव्वालीचा काळ आला. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर सामना. एकानं मुखडा टाकायचा, शेर म्हणून वातावरण तापवायचं, दुसऱ्यानं त्याच मीटरमध्ये उत्तर द्यायचं. चाल कधी ओळखीच्या सिनेगीताची असायची, कारण कोरसला लगेच उचलता यायला हवी. लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात राहिले. कितीतरी गाणी छापली गेली नाहीत, थेट तोंडपाठ झाली.

[बेंजोवरची बोटं, जवळून. पुढे आजीचा चेहरा.]

बेंजोवाल्याच्या डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं आहेत, बटणांवर पांढऱ्या रंगानं काढलेल्या खुणा. त्या आता पुसट झाल्यात, पण त्याची नजर बटणांकडे जातच नाही. गायकाचा ओठ हलायच्या आत सूर हजर असतो.

जुनी मंडळं कमी होत चालली आहेत. बिदागी परवडत नाही, मिरवणुकीत डीजे लागतो.

हे जपता येतं, हे आपल्याच मुलखात दिसलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी महाराष्ट्रभरातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्या कुणालाही ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावासकट. गेटवरच्या गाण्यांचं असं काही झालेलं आम्हाला दिसलं नाही. ही आजी गाते ती कडवी तिच्या आईची आहेत, त्यांत तिनं स्वतःची घातली आहेत. कुठली कुणाची, हे फक्त तिलाच माहीत आहे.

गेटच्या आत विद्यापीठ आहे, तिथं नाट्यशास्त्र विभाग आहे, माईक धरू शकतील असे विद्यार्थी आहेत. दरवर्षी या दिवशी गाणारे स्वतःच्या खर्चानं दारात येतात. त्यांच्यासाठी एक शांत खोली उघडा, येण्याजाण्याचं भाडं द्या, गाणं, गाणाऱ्याचं नाव आणि गाव लिहून घ्या. सुरुवात या आजीपासून करा. ती मुक्कामी आहे, परतीची गाडी उद्या सकाळी आहे.