हाताला लागणारं कव्हर

हे अल्बमचं कव्हर खरखरीत पॉलिश पेपरचं आहे. सुतार लाकूड घासतात, तोच. १९८० साली मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने ‘द ड्युरुटी कॉलम’ या बँडच्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रती अशा वेष्टनात काढल्या. कपाटात शेजारी जो अल्बम ठेवाल, त्याला चरे पडणार! आणि आतलं संगीत? अतिशय हळुवार गिटार. हा विरोधाभास शब्दांत सांगावा लागत नाही, बोटांना आपसूक कळतो. कव्हरच्या पोताकडून मला हेच हवं असतं. नुसतं जुनाट दिसण्यासाठी वर धूळ भुरभुरवली, तर तिचा त्या गाण्यांशी संबंध काय?

त्याच वर्षी आलेल्या गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं कव्हर बघा. चेहऱ्याची एक बाजू शाबूत, दुसरी मेणासारखी ओघळलेली. हे काम हिप्नोसिस या डिझाइन गटाचं. पोलरॉइड एसएक्स-७० कॅमेऱ्यातून फोटो बाहेर आला, की पारदर्शक प्लास्टिकच्या आतलं रसायन काही वेळ मऊ असतं. तेवढ्यात वरून बोथट वस्तूने दाबलं, घासलं, की आतली प्रतिमा सरकते. फोटोवर काहीही चिकटवलेलं नाही. फोटो मुळात थरांचाच बनलेला होता, त्यांतला एक हलवला, एवढंच.

चित्रकार रसेल मिल्स मात्र थर चढवत जातात. १९९४ च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या नाइन इंच नेल्स बँडच्या अल्बमसाठी त्यांनी लाकडी फळीवर काम केलं. प्लास्टर, ॲक्रिलिक, तैलरंग, गंजलेला धातू, मेलेले किडे, मेण, वार्निश, बँडेज, अगदी रक्तसुद्धा. चित्राचं नाव ‘वूंड’, जखम. अशा चित्रात मेणाची भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ते खालचं पूर्ण झाकत नाही, पूर्ण दाखवतही नाही. खाली काहीतरी आहे एवढीच चाहूल देतं, आणि नजर तिथेच अडकते.

आता संगणकावर येऊ. पांढऱ्या कागदावर शाईचा फराटा ओढा, स्कॅन करा, फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या वरच्या लेअरवर, म्हणजे थरावर, ठेवा आणि त्याचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘मल्टिप्लाय’ करा. कागद गायब, शाई तेवढी उरली. या मोडमध्ये दोन्ही लेअरच्या उजेडाचा गुणाकार होतो. पांढरा म्हणजे एक, आणि एकाने गुणल्यावर खालचं काहीच बदलत नाही. ‘स्क्रीन’मध्ये उलटं, काळा नाहीसा होतो. म्हणून काळ्या पुठ्ठ्यावर खडूची पूड टाकून स्कॅन केली, की पांढरे कण तेवढे फोटोवर तरंगतात. ‘ओव्हरले’मध्ये मधला करडा विरतो. म्हणजे कुठला मोड लावणार हे स्कॅन करण्याआधीच ठरवा, कागदाचा रंग त्यावर ठरतो.

पोताच्या आयत्या, म्हणजे तयार मिळणाऱ्या, टेक्श्चर फाइलींना माझा विरोध आहे. ड्रमचं चामडं, केबलचा गुंता, तालमीच्या वहीतलं खाडाखोड केलेलं पान... स्कॅन करायला बँडकडेच इतकं असतं! आणि लेअर चढवताना मास्क लावून, म्हणजे तो लेअर काही ठिकाणी लपवून, काही भाग मोकळा सोडाच. सगळीकडे सारखाच खरखरीतपणा असला, तर तो कुठेच जाणवत नाही.

एक अडचण उरते, आकाराची. एलपीचं, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीचं, कव्हर जेमतेम ३१ सेंटीमीटरचं होतं, तरी हातात धरून निरखता यायचं. आज तेच कव्हर फोनवरच्या यादीत अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. तिथे बारीक दाणे एकमेकांत मिसळून सपाट करडे होतात. फाटलेली कड, ठळक घडी, जाड ब्रशचा फटकारा मात्र टिकतो. म्हणून प्रत्येक नवा लेअर चढवल्यावर चित्र नखाएवढं करून बघा. फटकारा दिसला, तर पुढे जा. बारीक दाणे पुसू नका. अल्बम एलपीवर निघाला आणि कव्हर चकचकीत नसलेल्या, किंचित खडबडीत कागदावर छापलं, की ते तिथे कामाला येतील.