काट्यावर न दिसलेली मुलगी

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'शाळकरी मुलांचं वजन आणि कोलेस्टेरॉल' असा छापलाय. त्यातला 'आणि' माझा नाही. मी कळवताना दोन शब्दांमध्ये नुसता स्वल्पविराम टाकला होता. छापणाऱ्याला तो अपुरा वाटला असेल, त्याने 'आणि' जोडून दिला. माझं भांडण नेमकं त्या 'आणि'शीच आहे.

आपल्या डोक्यात ही जोडी एका दावणीला बांधलेली आहे. मूल गुटगुटीत दिसलं की शेजारीपाजारी म्हणतात, "कोलेस्टेरॉल बघून घ्या हो." आणि काडी पैलवान असेल तर त्याच्या बापाच्या चेहऱ्यावर निश्चिंती. "आमच्याला काय होणार, अंगावर मास कुठंय?" असं म्हणणारे वडील या सभागृहातही असतील. हात वर करू नका, शेजारी बायको बसली आहे.

एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे 'चांगलं', याहून जास्त समजावत बसत नाही. इथल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये स्वतःचा रिपोर्ट आहे, आणि उरलेल्यांनी तो मुद्दाम काढलेला नाही. आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती मला आवडते म्हणून नव्हे, ती मला टोचते म्हणून.

मी नवा डॉक्टर होतो. एका शाळेत आरोग्य तपासणी होती. वर्ग पाचवीचा, मुलं दहा वर्षांची. व्हरांड्यात काटा मांडलेला. त्या काट्याचं वैशिष्ट्य असं, की कोणी उभं राहण्याआधीच त्याचं दोन किलो वजन भरायचं. मी शिक्षकांना म्हटलं, हा शून्यावर आणा. ते म्हणाले, "असू द्या, सगळ्यांना सारखाच अन्याय आहे." बुटांसकट, गणवेशासकट, खिशातल्या गोट्यांसकट मुलं चढत होती, आणि शिक्षक आकडा मोठ्याने पुकारत होते. लिलाव चालल्यासारखा. मोठा आकडा आला की रांगेतून हशा. एका मुलाने चढण्याआधी पट्टा काढला, बूट काढले, मोजे काढले, मग शर्टाच्या गुंड्यांना हात घातला. आम्ही हसलो. मीही हसलो. आज तो प्रसंग आठवला की वाटतं, त्या मुलाला दहाव्या वर्षी जे कळलं होतं ते मला शिकून-सवरून कळलं नव्हतं: आकडा पुकारला जाणार असेल तर माणूस काट्यावरही खोटं बोलायला लागतो. तेव्हा शाळेत वजन करायचं असेल तर आडोशाला करा, अनवाणी करा, आणि आकडा कागदावर लिहा, हवेत नको. हे माझ्या विषयात नव्हतं, पण माईक हातात आहे.

तर, रक्ततपासणीसाठी पैसे मोजकेच होते. ठरलं असं, की जाड दिसतील त्या मुलांचंच रक्त घ्यायचं. यादी मी केली. सही माझी. त्या वर्गात जुळी भावंडं होती, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा चांगला भरलेला, मुलगी वेताच्या छडीसारखी, शाळेत धावण्यात पहिली. मुलाचं नाव यादीत घातलं. मुलगीही कुतूहलाने भावामागे येऊन उभी राहिली होती. तिला मी म्हटलं, "तू ठणठणीत आहेस, जा खेळायला." ती पळाली.

मुलाचा रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल १६५. मुलांमध्ये १७०च्या आत म्हणजे ठीक, त्यामुळे कागदावर शिक्का बसला 'नॉर्मल'. प्रत्यक्षात त्याचं एलडीएल ९८, उत्तम. पण एचडीएल ३७ आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, १४८. या वयात एचडीएल ४०च्या खाली म्हणजे कमी, आणि ट्रायग्लिसराइड १३०च्या वर म्हणजे जास्त. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि बेरीज निर्मळ दिसत होती. अंगावर जादा चरबी असलेल्या मुलांचं चित्र बहुधा असंच असतं: ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, आणि ज्याच्या नावाने आपण घाबरतो ते एलडीएल थोडंसंच हललेलं, किंवा हललेलंच नाही.

दोन वर्षांनी त्या जुळ्यांच्या वडिलांना एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. वाचले. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. मुलीचं एकूण कोलेस्टेरॉल २८८, एलडीएल २१८. तेही बारा वर्षांची असताना. वयात येताना एलडीएल दहा ते वीस टक्के उतरतं, म्हणजे मी तिला 'जा खेळायला' म्हटलं तेव्हा ते बहुधा याहून वर असणार.

एकच घर, एकच स्वयंपाक, एकाच दिवशी जन्म. मुलीला वडिलांकडून एक जनुक आलं होतं, भावाला आलं नव्हतं. यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. गोल्डस्टीन आणि ब्राउन या जोडीला १९८५चं नोबेल मिळालं ते यावरच्या कामासाठी. आई किंवा वडील, एकाकडून बिघडलेलं जनुक आलं की त्यांतले सुमारे निम्मे ग्राहक कामाचे राहत नाहीत, आणि एलडीएल जन्मापासून रक्तातच फिरत राहतं. साधारण अडीचशे माणसांमागे एकाला हा आनुवंशिक दोष असतो. फार दुर्मीळ नव्हे. मोठ्या शाळेत अशी चार-पाच मुलं निघतील. त्यांना काही दुखत नाही, ती दमत नाहीत, आणि काट्यावर चढली तर काटा काहीच बोलत नाही. तो वजन सांगतो. त्याच्याकडून रक्ताची बातमी मागणारे आपण.

आता बीएमआयबद्दल दोन शब्द. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे सूत्र बेल्जियमच्या केटले यांचं, १८३०च्या दशकातलं. गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, तुमच्या मुलीला किती पोळ्या वाढायच्या ते नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ साली अँसल कीज यांनी रूढ केलं. मोठ्यांसाठी एकच आकडा चालतो. मुलांसाठी चालत नाही, कारण बाळसं उतरतं तसा बीएमआय पाच-सहा वर्षांपर्यंत घटतो आणि मग पुन्हा चढतो. म्हणून मुलांचा आकडा त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांच्या तक्त्यात बघावा लागतो. शंभरांपैकी किती मुलं आपल्या मुलाच्या खाली आहेत, त्याला पर्सेंटाइल म्हणतात. ८५च्या वर म्हणजे वजन जास्त, ९५ आणि पुढे म्हणजे स्थूलता. एका वडिलांना मी सांगितलं, तुमचा मुलगा सत्त्याण्णव पर्सेंटाइलला आहे. ते म्हणाले, "वा! उरलेले तीन कुठे गेले?"

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. म्हणजे जे सांगायला मला बोलावलं होतं ते आता पळत पळत.

कोणाला तपासायचं? अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०११ साली सांगितलं, वजन काहीही असो, ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची एकदा तपासणी करा, आणि मग १७ ते २१ मध्ये पुन्हा. मधली वर्षं टाळली, कारण तेव्हा एलडीएल उतरलेलं असतं आणि रिपोर्ट फसवतो. याच्या उलट, तिथल्याच दुसऱ्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये म्हटलं, सरसकट तपासणीचा फायदा होतो की तोटा हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. माझं मत पहिल्या बाजूला आहे, ते का, हे तुम्ही अर्धा तास ऐकलंत. पण ज्या घरात पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत हृदयविकार झालाय, त्या घरातल्या मुलाला वयाची दोन वर्षं झाली की तपासावं, त्याबद्दल मला शंका नाही.

एका रिपोर्टवर हाय खाऊ नका. एलडीएल १३०च्या वर आलं तर दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासायचं आणि सरासरी धरायची. थायरॉइड आणि मूत्रपिंड ठीक आहेत ना, तेही बघायचं.

उपाय दोघांचे वेगळे. भावासाठी गोड पेयं बंद, रोज तासभर घाम येईल असा खेळ, आणि वजन उतरवण्याचा हट्ट बहुतेक वेळा नकोच. वाढत्या मुलाचं वजन जागेवर थांबलं आणि उंची वाढली, की बीएमआय आपोआप खाली येतो. त्याचं ट्रायग्लिसराइड काही महिन्यांत उतरलं. बहिणीने संपृक्त चरबी कमी केली, पळत तर ती होतीच, पण एलडीएल जेमतेम हललं. तिला गोळी द्यावी लागली. अशा मुलांना वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षानंतर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, देतात. "एवढ्या बारीक मुलीला कोलेस्टेरॉलची गोळी?" असं तिची आजी मला म्हणाली होती, आणि त्या प्रश्नात तो 'आणि' होता बघा.

पहिल्या चाचणीला उपाशी पोट लागत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, उरलेलं १४५ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढची तपासणी करायची. हा हिशेब जेवून आलेल्या मुलाचाही चालतो. आणि आज घरी गेलात की दोन्हीकडच्या आजी-आजोबांना फोन करा. कोणाला किती वर्षांचं असताना झटका आला, ते वयासकट विचारून लिहून ठेवा. 'म्हातारपणी गेले' हे उत्तर घेऊ नका, वर्ष विचारा.

हो, बसतो. बसलोच.