डायलिसिस, फॉस्फरस आणि हृदय

मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, चालू असलेल्या रुग्णाच्या घरात पोटॅशियमचा धाक सर्वांना असतो, आणि तो रास्तच आहे. रक्तातले पोटॅशियम फार वाढले की हृदयाची लय बिघडते, प्रसंगी हृदय बंदही पडते. फॉस्फरस मात्र वर्षानुवर्षे वाढलेला असला तरी काही दुखत नाही, फार तर अंगाला खाज सुटते. म्हणूनच आज मी मुख्यतः त्याच्याविषयी बोलणार आहे.

आहारातून रोज साधारण 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक रक्तात उतरतो, म्हणजे आठवड्याला सुमारे 4000 मिलिग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये 800 ते 1000 मिलिग्रॅमच बाहेर पडतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करूनही हा हिशेब जुळत नाही, आणि आपल्याकडे खर्चापायी किंवा अंतरापायी पुष्कळ जण दोनदाच येतात. शरीरातला बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि पेशींत असतो. पहिल्या तासा-दीड तासात रक्तातली पातळी झपाट्याने उतरते, पुढे तो पेशींतून सावकाश झिरपत राहतो आणि यंत्र बंद झाल्यावर काही तासांत पातळी पुन्हा चढते. अर्धा तास आधी सोडा, असा आग्रह रुग्ण करतात तेव्हा त्यांचा शीण मला कळतो, पण हा फॉस्फरस निघायला वेळच लागतो.

साचलेल्या फॉस्फरसामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, भिंतीत कॅल्शियम बसते आणि वाहिनी कडक होते. अशा वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो. दुसरीकडे रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचा स्राव वाढून हाडांतले कॅल्शियम खेचले जाते. हाड ठिसूळ होते आणि वाहिनी हाडासारखी बनते.

भीतीने डाळ बंद करणारी अनेक घरे मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिने जास्तच लागतात. डाळीतला फॉस्फरस बराचसा न शोषला जाताच निघून जातो. प्रोसेस्ड चीज, काळी शीतपेये आणि टिकवलेले मांस यांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. फॉस्फरस कमी करण्यासाठी दिलेली गोळी अन्नातलाच फॉस्फरस बांधते, त्यामुळे ती जेवतानाच घ्यायची. रात्री झोपताना उपाशीपोटी घेतलेली गोळी वाया जाते. यातली कॅल्शियमयुक्त गोळी मनाने वाढवू नये, कारण जादा कॅल्शियमही वाहिन्यांतच बसते.

पोटॅशियमबद्दल दोनच गोष्टी. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराईड असते, ते या रुग्णांनी वापरू नये. दुसरी, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असणाऱ्यांच्या शुक्रवार ते सोमवार या मोठ्या खंडाची: अमेरिकेत 32 हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त आढळले. तेव्हा रविवारी शहाळे, केळी आणि पाण्याचे प्रमाण यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे.