सुझान, साताऱ्याची

ही सुझान, एका माकडिणीचं थ्रीडी डोकं. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडायचं, मेश म्हणजे आकारांच्या यादीत मंकी निवडायचं, की ही पडद्यावर हजर. ५०७ बिंदू, ५०० पृष्ठं. थ्रीडी शिकणारे कितीतरी जण पहिला हात हिच्यावरच साफ करतात.

ती आली २००२च्या सुरुवातीला. ब्लेंडर तेव्हा नेदरलँड्समधल्या एका कंपनीच्या मालकीचं होतं आणि कंपनीचे दिवस भरलेत हे आतल्या मंडळींना कळून चुकलं होतं. जाता जाता आपली एक खूण राहावी म्हणून त्यांनी हे डोकं प्रोग्राममध्ये घातलं. कंपनी बंद पडली. ब्लेंडरचे जनक टॉन रोझेनडाल गुंतवणूकदारांकडे गेले. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोडवायची किंमत ठरली, एक लाख युरो. गहाण पडलेली जमीन गावानं वर्गणी काढून सोडवावी, तशी ही रक्कम लोकांनी सात आठवड्यांत उभी केली. १३ ऑक्टोबर २००२ला ब्लेंडर जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं अशा मोकळ्या परवान्याखाली, सगळ्यांचं झालं.

हे सातारा. खिडकीत अजिंक्यतारा, टेबलावर जुना लॅपटॉप. समोर बसलीय ती गेम बनवणारी. हिचा गेम एका वानराचा आहे, गडाच्या तटावरून उड्या मारणाऱ्या.

आता तिचा हात बघा. हे क्रिता, चित्र रंगवायचं मोफत सॉफ्टवेअर. डब्ल्यू दाबलं, आणि उजव्या कडेला ओढलेली भेग डावीकडून आत आली. तटाचा एकच दगडी तुकडा रंगवायचा, तो कितीही वेळा शेजारी शेजारी लावा, सांधा दिसत नाही.

(फक्त पेनचा आवाज.)

गेम ज्यावर उभा राहतो आणि चालतो, ते इंजिन गोडो. अर्जेंटिनातल्या दोघांनी घडवलेलं, २०१४पासून एमआयटी लायसन्सखाली खुलं. गेम विकला तरी त्यापायी कुणाला रुपया द्यायचा नाही. सुताराची हत्यारं सुताराच्या पेटीत असतात. हिचीही तशीच असावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. २०२३मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीनं ठरावीक मर्यादेपुढे दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, गेम बनवणारे खवळले, वर्षभरात ते मागे घेतलं गेलं. गोडोतून कन्सोलवर, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रांवर, जायला मात्र बाहेरची मदत लागते.

पुन्हा सुझान. गाल आत घेतले, कपाळावर केस आले, तोंड काळं झालं. आता ही आपल्या गडावरची. ब्लेंडरची फाइल तशीच गोडोच्या फोल्डरमध्ये सेव्ह केली.

एफ-फाइव्ह. गेम सुरू.

(निवेदन नाही. वानर तटावर चढतं, थांबतं, उडी घेतं.)